डॉक्टरांच्या आदेशानुसार

मॅडम खुर्चीतून उठल्या नाहीत. त्यांची मी पाहिलेली पहिली गोष्ट हीच, आणि आजही ती आठवली की मला एकटीलाच हसू फुटतं.

कतारला, दोह्यातल्या त्या हॉस्पिटलात माझा पहिला दिवस होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. सर्जिकल वॉर्डात बसून मला पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच मोठे सर्जन चार ज्युनिअर मागे घेऊन राउंडला आले. मी आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात शिकलेली. तिथे डॉक्टरांची नुसती चाहूल लागली तरी आम्ही हातातलं काम टाकून उभ्या राहायचो. मी ताडकन उठले. शेजारच्या बाईंनी माझा युनिफॉर्म मागून धरला आणि मला सरळ खाली ओढलं.

"बस," त्या चक्क मराठीत म्हणाल्या. "पेशंट पडला तर उठायचं. डॉक्टर पडलेत का?"

मग बसल्या बसल्याच त्यांनी सर्जनना गुड मॉर्निंग केलं, पायानं एक स्टूल त्यांच्याकडे सरकवलं, आणि सर्जन बसले! माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. दोघं समोरासमोर बसून पेशंटबद्दल बोलायला लागली. मॅडम म्हणाल्या, सात नंबरची जखम मला आवडत नाही, आज टाके काढू नका. सर्जन म्हणाले, बरं. बस, एवढंच! त्या दिवशी हॉस्टेलवर येऊन मी नवऱ्याला आठ पानी पत्र लिहिलं आणि त्यातली सहा पानं त्या स्टुलाचीच होती.

मॅडम वसईकडच्या कॅथलिक. वय पन्नाशीच्या आसपास, उंची बेताची, आणि चाल अशी की कॉरिडॉरमध्ये समोरून ट्रॉली आली तर ट्रॉलीनेच बाजूला व्हावं. त्या आमच्या वॉर्डाच्या इनचार्ज होत्या. आखातात त्यांची वीसेक वर्षं गेली होती. लग्न केलेलं नव्हतं. का, असं एकदा एका फिलिपिनो मुलीनं विचारलं तेव्हा "ड्युटी लागली होती" असं उत्तर मिळालं. अल मन्सूराला एका जुन्या इमारतीत त्यांचा छोटा फ्लॅट होता. शुक्रवारी सुट्टी असायची, मिस्सेची प्रार्थना आटोपून आल्या की त्या सुके बोंबील भाजायच्या, आणि वरच्या मजल्यावरची एकेक खिडकी धडाधड बंद व्हायची. बहिणीशी फोनवर त्या आपल्या बोलीत बोलायच्या, त्यातलं मला शपथ घेऊन सांगते एक अक्षर कळायचं नाही. माझ्याशी मात्र शाळेच्या पुस्तकातलं मराठी, मधूनमधून इंग्रजी, आणि तोंडी लावायला अरबी यल्ला नि खलास. सगळ्या वॉर्डात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. बाकीच्या मल्याळी नाहीतर फिलिपिनो.

त्यांच्या वॉर्डात एका शब्दाला बंदी होती. तो शब्द म्हणजे 'फक्त'. कुणी पेशंटच्या नातेवाइकाला म्हणालं, की मी फक्त नर्स आहे, डॉक्टरांना विचारा, की मॅडम कुठूनही प्रकट व्हायच्या. "परत सांग. तो शब्द गाळून सांग." बिचारी मुलगी पुन्हा म्हणायची, मी नर्स आहे. "हां. आता डॉक्टरांना विचारायचं तर विचारू दे." एकदा मी विचारलं, की वाक्याचा अर्थ तर तोच राहिला ना मॅडम? त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गुपचूप बेडशीट बदलायला निघून गेले.

दुसरं खूळ स्टेथोस्कोपचं. आमच्याकडे तेव्हा तो डॉक्टरांचा दागिना होता. आम्ही बीपी घ्यायचो तो वॉर्डातल्या सामाईक स्टेथोस्कोपनं आणि काम झालं की कपाटात ठेवून द्यायचो. गळ्यात घालायची कुणाची छाती! मॅडमनी आम्हा सगळ्यांना स्वतःचा विकत घ्यायला लावला. शिवाय त्यांना युनिफॉर्मचे खिसे पसंत नव्हते म्हणून सूक वाकिफच्या बाजाराजवळच्या एका शिंप्याकडे आमची वरात नेली आणि त्याला खिसे कसे हवेत ते हातवारे करून समजावलं. शिंपी कराचीचा, तो म्हणाला, बहनजी, इतने बडे पॉकेट तो पोलीसवाले के होते हैं. "तो वैसाही बनाओ," मॅडम म्हणाल्या.

तो स्टेथोस्कोप गळ्यात घालून मी पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा मला काय वाटलं ते कसं सांगू! मी फोटो काढून घरी पाठवला. नवऱ्याचं उत्तर आलं, की गावात सगळे विचारतायत, तुझी बायको डॉक्टर कधी झाली? मी हे कौतुकानं मॅडमना वाचून दाखवलं. त्या लालबुंद झाल्या.

"मग? काय कळवलंस?"

"काही नाही. हसले."

"कळव. नर्सच आहे म्हणावं. डॉक्टरचा हार माझ्या गळ्यात घालायचा नाही म्हणावं कुणी."

आणि त्यांचं ते ड्रायव्हिंग! त्यांच्याकडे एक जुनी पांढरी गाडी होती आणि दोह्यात तेव्हा जिकडे तिकडे राउंडअबाउट. मॅडमचा नियम असा, की बोलणं पुरं झाल्याशिवाय राउंडअबाउटमधून बाहेर पडायचं नाही. विषय निघाला की त्या गोल गोल फिरत राहायच्या. अल रय्यानच्या रस्त्यावर एकदा आम्ही पाच फेऱ्या मारल्या, कारण इंजेक्शन देण्याआधी पेशंटला सांगावं की देऊन झाल्यावर, यावर माझं आणि त्यांचं जुळेना. मागून लँडक्रुझरवाले हॉर्न बडवतायत, मी डोळे मिटून देवाचं नाव घेतेय, आणि मॅडम एक हात स्टिअरिंगवर, एक हात हवेत. शेवटी मी म्हटलं, मॅडम पटलं, पटलं, आधी सांगावं. तेव्हा गाडी बाहेर पडली. मला खरंच पटलं होतं की गरगरायला लागलं होतं, देव जाणे.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण तेव्हा हसून झालं की मला घर आठवायचं. मुलगी दहा महिन्यांची असताना मी तिला सोडून आले होते. आमचं एकत्र कुटुंब, तिला थोरल्या जाऊबाई सांभाळायच्या. दोन वर्षांनी रजेवर गेले तेव्हा ती त्यांच्या पदराआड लपली आणि त्यांना 'आई' म्हणाली. जाऊबाई बिचाऱ्या ओशाळल्या. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, अगं आई ती. पोरीनं मला नीट न्याहाळलं आणि ठरवलं, की ही काकू. तिचं बरोबरच होतं. एक बाई आई असेल तर घरातली दुसरी काकूच असणार.

मला तिला इकडे आणायचं होतं. आणि आणता येत नव्हतं, कारण कागदोपत्री मी बॅचलर होते. हसू नका! आखातात हा शब्द असाच वापरतात. ज्याला कुटुंब आणायची परवानगी नाही तो बॅचलर, मग त्याला चार पोरं का असेनात. एका मुलीची आई, सात वर्षं संसार केलेली बाई, आणि माझ्या फाइलवर लिहिलेलं होतं बॅचलर.

अशात हॉस्पिटलात नव्या श्रेणी ठरवायचं निघालं. सगळ्या नोकऱ्यांचे दोन भाग होणार होते, एक प्रोफेशनल आणि दुसरा टेक्निकल. प्रोफेशनल असेल त्याला फॅमिली क्वार्टर आणि कुटुंबाचा व्हिसा. टेक्निकल असेल तो बॅचलर, खलास. डॉक्टर अर्थातच पहिल्या भागात, फार्मासिस्ट पहिल्या भागात. नर्सचं काय, ते ठरवायला एक समिती बसली होती. वॉर्डात दुसरा विषयच नव्हता. कुणाचा नवरा केरळात कोट्टयमला, कुणाची दोन मुलं फिलिपिन्समध्ये सेबूला. आणि माझी ती तिकडे, मला काकू म्हणणारी.

याच सुमाराला मॅडम रजेवर वसईला गेल्या आणि बँकेत एक पराक्रम करून आल्या. त्यांच्या भाचीला बीएस्सी नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. शैक्षणिक कर्जासाठी त्या तिला बँकेत घेऊन गेल्या. मॅनेजर म्हणाले, हे कर्ज प्रोफेशनल कोर्सला मिळतं, मेडिकल, इंजिनिअरिंग वगैरे. नर्सिंग त्यात बसत नाही.

"मग नर्सिंग काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"सेवा आहे ना ती, मॅडम," मॅनेजर भक्तिभावानं म्हणाले.

मॅडमनी पर्समधून बीपीचं यंत्र काढलं. त्या ते यंत्र जवळ बाळगूनच हिंडायच्या. म्हणाल्या, शर्टाची बाही वर करा. आणि गंमत म्हणजे मॅनेजरांनी केली! त्या आवाजापुढे कुणीही केली असती. बीपी बरंच वर होतं. मॅडमनी दुसऱ्या हाताचंही पाहिलं, त्यांना पाणी पाजलं, दहा मिनिटं गप्प बसवलं, पुन्हा पाहिलं. मग सांगितलं, "आत्ता उठा, डॉक्टरकडे जा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. हे मी ठरवलं. कुणाला विचारून नाही. याला सेवा म्हणायचं की धंदा की प्रोफेशन, ते गोळी घेऊन झाल्यावर ठरवा." मॅनेजर खरंच गेले. कर्ज काही लगेच मिळालं नाही, हेड ऑफिसला तीन पत्रं लिहावी लागली, पण मिळालं. मॅडम हा किस्सा सांगायच्या तेव्हा मॅनेजरचा आवाज काढायच्या आणि आम्ही पोट धरून हसायचो.

पण त्या तिकडे मॅनेजरचं बीपी घेत होत्या, तेव्हा इकडे वॉर्डात माझी परीक्षा झाली होती.

बीडकडचा एक सुतार आमच्याकडे होता. बांधकामावरून पडला होता, मांडीचं ऑपरेशन झालं होतं, रक्त चढवायचं होतं. मी सकाळी रक्ताची पिशवी लावली. दहा मिनिटांत तो म्हणाला, "सिस्टर, कंबरात लई कळा निघायल्यात. अन् थंडी वाजायलीय." मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या हातांना डोक्याच्या आधी कळलं. मी रक्त बंद केलं. नळी बदलली, सलाइन सुरू केलं, पिशवी आणि नमुना रक्तपेढीकडे पिटाळला, आणि मग फोन उचलला. ड्युटीवरचे सुदानी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होते, ते धावत आले तोवर पंधरा मिनिटं झाली होती. एकाच नावाचे दोन पेशंट, लेबलांची अदलाबदल, आणि चढत होतं ते चुकीच्या गटाचं रक्त! आणखी थोडं रक्त गेलं असतं तर तो सुतार लाकडाच्या पेटीतून बीडला गेला असता.

तो वाचला! मी इतकी हरखून गेले होते की मला रडू येत होतं. आणि मग मी पेन काढलं आणि नोंद लिहिली: 'डॉक्टरांच्या आदेशानुसार रक्त बंद केले.'

का लिहिलं? आम्ही सगळ्या असंच लिहायचो. शिकतानाच सीनियर कानात सांगायच्या, की आधी कर, मग डॉक्टरांच्या नावावर लिही. उद्या काही झालं तर नर्सनं परस्पर केलं म्हणून गळ्याशी येतं. पाणी पाजलं, कूस बदलली, ऑक्सिजन लावला, सगळं डॉक्टरांच्या आदेशानुसार. मॅडमना या ओळीचा भयंकर राग. फाइल उघडून त्या उलटतपासणी घ्यायच्या, "कुठल्या डॉक्टरनं सांगितलं? किती वाजता? फोनवर की स्वप्नात?" आम्ही हसायचो, सॉरी म्हणायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहायचो.

रजेवरून आल्या आल्या त्यांनी सुताराची फाइल मागवली. वाचली. पुन्हा वाचली.

"रक्त बंद केलं दहा वीसला. डॉक्टरनी लिहिलंय, फोन आला दहा पंचवीसला. पाच मिनिटं आधी ऑर्डर कुणी दिली? देवदूतानं?"

मी फाइल मिटायला हात पुढे केला.

"बाय, तू एक माणूस वाचवलास," त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "आणि सही दुसऱ्याच्या नावाची केलीस. खाली आजची तारीख घाल, आणि खरं काय ते लिही. उशिरानं नोंद करता येते."

"नको मॅडम. समिती बसलीय. आता काही वाकडं झालं तर माझी मुलगी..."

"बरं," त्या म्हणाल्या. "सही तुझी आहे."

आठवडाभर त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. एकदा मला त्यांनी गाडीतून सोडलं. वाटेतले सगळे राउंडअबाउट आम्ही अर्ध्या अर्ध्या फेरीत पार केले. तेवढं मला एखाद्या थपडेसारखं लागलं.

समितीची बैठक झाली ती लेक्चर हॉलमध्ये. आम्ही चाळीसेक नर्स, पुढच्या रांगेत मॅडम, त्यांच्या शेजारी मी. समोर अध्यक्ष, एक वयस्क कतारी गृहस्थ, अंगात पांढरास्वच्छ पायघोळ थोब, हातात जपाचे मणी. त्यांच्या बाजूला एक इंग्रज सल्लागार. माणूस वाईट नव्हता. त्यानं मन लावून अभ्यास केला होता आणि तीच तर पंचाईत होती! तो म्हणाला, मी शेकडो फाइली वाचल्या. नर्स उत्तम काम करतात. पण प्रोफेशनल म्हणजे जो स्वतःच्या बुद्धीनं निर्णय घेतो तो. फाइलींमध्ये मला नर्सचा एकही निर्णय सापडत नाही. प्रत्येक ओळीत डॉक्टरांचा आदेश आहे.

मग त्यानं उदाहरण म्हणून एक फाइल उचलली. मी लांबूनच ओळखली.

त्यानं सुताराची सगळी हकीगत वाचली. म्हणाला, पाहा, इतका कठीण प्रसंग, तरी नर्सनं शिस्त सोडली नाही. आदेश येईपर्यंत थांबली, आणि आदेश येताच चोख पाळला. हेच तर टेक्निकल कामाचं सौंदर्य आहे.

मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठतील, आता त्या माणसाची बाही वर करायला लावतील. 'फक्त' हा शब्द ज्यांना सहन व्हायचा नाही, त्या बाई हे ऐकून गप्प बसल्या होत्या! हात मांडीवर, नजर समोर. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या बोलणारच नाहीत. मी बोलेन तरच हे कळेल. आणि मी बोलले तर मी खोटी नोंद करणारी ठरेन. नोकरी गेली तर फॅमिली व्हिसाचं स्वप्न कुठलं, पहिल्या विमानानं परत. पण गप्प बसले तर चाळीस जणी बॅचलर.

"सर," मी म्हणाले. "ऑर्डर नव्हती. रक्त मी बंद केलं."

इंग्रजी माझं यथातथाच. तिथे ते आणखी मोडलं. सल्लागारानं चष्मा काढला. "म्हणजे ही नोंद खोटी आहे?"

"हो सर. नोंद खोटी आहे. वेळ बघा सर. रक्त बंद झालं दहा वीसला. डॉक्टरांना फोन गेला दहा पंचवीसला. ते आले दहा चाळीसला. तोवर थांबले असते तर पेशंट मेला असता. मी थांबले नाही."

अध्यक्षांनी फाइल आपल्याकडे ओढली, वेळा पाहिल्या, बोट ठेवून पुन्हा पाहिल्या. हातातले मणी थांबले.

"मग असं का लिहिलंत?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"तो मेला असता तर नाव माझं आलं असतं, सर. म्हणून जगला तर नाव डॉक्टरांचं लिहायचं. आम्हाला असंच शिकवतात."

मग त्यांनी सगळ्यांकडे पाहून विचारलं, "इथे आणखी कुणी असं लिहिलेलं आहे?"

कुणी हलेना. मला वाटलं, संपलं, मी एकटीच बुडाले. आणि तेवढ्यात माझ्या शेजारी एक हात वर गेला. मॅडमचा!

मी बघतच राहिले. मागून खुर्च्यांचा आवाज आला, वळून पाहिलं तर एक, दोन, सात, मल्याळी, फिलिपिनो, सगळ्या हॉलभर हात! अजून लिहिताना माझ्या अंगावर काटा येतोय. सल्लागार ते हात पाहत राहिला आणि मग त्यानं आपल्या समोरचा तो जाडजूड अहवाल हळूच मिटला.

परतताना मॅडमनी पहिल्याच राउंडअबाउटला गाडी घातली आणि फिरवायला लागल्या.

"मुंबईला होते," त्या म्हणाल्या. "एका बाईचं बाळंतपण अडलं होतं. डॉक्टर जेवायला गेलेला. मी केलं सगळं. बाई जगली, बाळ जगलं. नोंद त्याच्या नावानं लिहिली. महिन्याभरानं हॉस्पिटलात त्याचा सत्कार झाला. मोठा हार घातला."

"आणि तुम्ही?"

"मी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या, कुणाला शंका येऊ नये म्हणून."

गाडीनं आणखी एक फेरी घेतली. त्या रडत नव्हत्या, पण वायपर सुरू केला होता, आणि दोह्यात पावसाचा थेंब नव्हता.

निकाल यायला दीड महिना लागला. मग एकाच दिवशी माझ्या हातात दोन लिफाफे आले. एकात खोट्या नोंदीबद्दल लेखी ताकीद होती, माझ्या नोकरीतली पहिली आणि शेवटची. दुसऱ्यात नवा करार, श्रेणी प्रोफेशनल, आणि स्टेटसच्या रकान्यात एक शब्द: फॅमिली. मी वॉर्डातच नाचले. खरोखरच नाचले, ड्रेसिंगच्या ट्रॉलीभोवती! मॅडमनी करार बाजूला ठेवला आणि ताकीद मागून घेतली. तिची झेरॉक्स काढून मला विचारून वॉर्डाच्या बोर्डावर लावली, आणि नव्या मुली आल्या की त्यांना आधी ती वाचायला लावायच्या. डॉक्टरांच्या आदेशानुसार ही ओळ आमच्या वॉर्डातून वर्षभरात नाहीशी झाली. जिथे डॉक्टरनं खरंच सांगितलं असेल तिथेच उरली.

पुढे काही वर्षांनी मॅडम वसईला परत गेल्या. तिथे त्या व्हरांड्यात टेबल टाकून नर्सिंगला जाणाऱ्या मुलींचे बँकेचे फॉर्म भरून द्यायच्या. भरून देण्याआधी वादही घालायच्या, हे वेगळं सांगायला नको. मी फोन केला की हॅलो नाही, कशी आहेस नाही. पहिला प्रश्न, आज काय ठरवलंस? मी कधी सांगायचे, आज काही नाही मॅडम, आज साधा दिवस होता. "खोटं बोलतेस," त्या म्हणायच्या.

पण मला सांगायचा आहे तो नवरा आणि मुलगी दोह्यात उतरले तो दिवस. मी एकटीच जाणार होते. मॅडम खाली गाडी घेऊन हजर, अंगावर ठेवणीतला निळा फ्रॉक आणि पायात चक्क उंच टाचा. दुपारचं विमान होतं. आम्ही दीड तास आधीच पोहोचलो.

ती बाहेर आली ती बापाचं बोट धरून. साडेतीन वर्षांची, दोन शेंड्या, एका पायातला मोजा खाली घसरलेला. मी पुढे झाले. नवरा तिला म्हणाला, बघ कोण आलंय. तिनं मला ओळखलं. हात जोडले आणि शिकवल्यासारखं म्हणाली, "नमस्कार, काकू."

नवऱ्याचा चेहरा पडला. मी हसले, कारण दुसरं काय करणार. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, बॅग उचलली आणि गाडीकडे चालायला लागल्या. समजूत घालायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

नवरा पुढे बसला. मागे मी आणि ती, मध्ये तिची पाण्याची बाटली. ती खिडकीबाहेर बघत होती, मग पेंगायला लागली, आणि मग तिचं डोकं हळूहळू कलत माझ्या मांडीवर आलं. कपाळ तापलं होतं. मी हाताची मागची बाजू लावून पाहिली. एकशे एकच्या आसपास असावा, प्रवासाचा ताप, घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी रुमाल भिजवून कपाळावर ठेवला. मॅडम आरशातून बघत होत्या. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, नुसता एसी कमी केला आणि गाडी हळू घेतली.

अर्धवट झोपेत तिनं हाक मारली, "आई."

ती हाक कोणाला होती ते मला चांगलं माहीत होतं. ओ मी दिली.